दोन तिकिटे

मुंबईच्या गिरणगावात 'तिकीट' हा शब्द बरीच वर्षे दोन अर्थांनी चालत आला. एक तिकीट कापडाच्या ताग्यावर चिकटवलेले असे. हाताच्या पंजाएवढे, चकचकीत, रंगीत. त्यावर कधी लक्ष्मी, कधी वाघ, कधी वीणा घेतलेली बाई आणि खाली गिरणीचे किंवा पेढीचे नाव. दुसरे तिकीट कामगाराचे. त्यावर चित्र नसे. खाते, पाळी आणि नंबर एवढेच असे. मस्टरवर माणूस त्या नंबराने ओळखला जाई, पगाराच्या खिडकीवर त्या नंबराने हाक येई.

पहिल्या तिकिटाचे दिवस आता बरे आले आहेत. चोरबाजारात ते काचेखाली ठेवलेले दिसते, संग्राहक त्याचे भाव सांगतात, २०२५ साली बंगळूरच्या एका कलासंग्रहालयात अशा तिकिटांचे प्रदर्शनही भरले. दुसऱ्या तिकिटाचा छंद कोणाला लागल्याचे माझ्या ऐकिवात नाही. आणि गंमत अशी की, गेल्या काही वर्षांत या शहरातल्या हजारो घरांत जो कागद ट्रंका उपसून, गाद्या उसवून शोधला गेला, तो या दुसऱ्या प्रकारचा होता. आज मला या दोन्ही तिकिटांचा इतिहास आपल्यापुढे मांडावयाचा आहे. मी शाळेत फार शिकलो नाही; जे शिकलो ते वाचनालयाच्या बाकावर आणि गिरणीच्या दारावर. तेव्हा कलेच्या अंगाने बोलण्याचा अधिकार मी सांगणार नाही. कागद कोणी छापला, कशासाठी छापला आणि तो कोणाच्या उपयोगी पडला, एवढेच पाहू.

कापडावर चित्र का लावावे लागले? कोरे कापड दिसायला सगळे सारखे. मँचेस्टरचा तागा आणि शेजारच्या पेढीचा तागा यांत फरक सांगणे जाणत्या दलालालाही अवघड. मग खेड्यातल्या गिऱ्हाइकाची काय कथा! शिवाय त्याला इंग्रजी अक्षर येत नाही, पुष्कळदा कुठलेच येत नाही. म्हणून विलायती पेढ्यांनी ताग्याच्या घडीवर चित्र डकवावयास सुरुवात केली. व्यापारी त्याला कोणी तिकीट म्हणत, कोणी टिका, कोणी छाप. गिऱ्हाईक दुकानात येऊन पेढीचे नाव घेत नसे; चित्राचे नाव घेई.

याचा एक नामी दाखला इंग्रजांच्या कायद्याच्या इतिहासात आहे. स्कॉटलंडात ऑर-युइंग नावाची पेढी होती. ती पक्क्या तांबड्या रंगाचे सूत मुंबईला आणि एडनला पाठवी. तिच्या तिकिटावर दोन हत्ती होते. आपल्या बाजारात ऑर-युइंग हे नाव कोण उच्चारणार? त्या सुताला गुजराती बोलीत 'बे हाथी' असे नाव पडले आणि त्या नावावर ते खपू लागले. पुढे जॉन्स्टन नावाच्या दुसऱ्या पेढीने आपल्या तांबड्या सुतावर दोन हत्तींचे तिकीट लावले. त्यावर नाव तिचे स्वतःचे होते, मांडणीही तंतोतंत तशी नव्हती. खटला चढत चढत हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि १८८२ साली निकाल ऑर-युइंगच्या बाजूने लागला. तिकीट वाचणारा फसणार नाही हे खरे, परंतु 'बे हाथी द्या' म्हणून मागणारा फसेल, असा त्याचा आशय. लंडनच्या सर्वोच्च न्यायासनाला एकदा तरी भुलेश्वरच्या गिऱ्हाइकाच्या डोळ्यांनी बघावे लागले, ते या दोन हत्तींपायी!

तोपर्यंत मुंबईच्या गिरण्याही उभ्या राहिल्या होत्या. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली कंपनी काढली आणि ताडदेवची त्यांची गिरणी १८५६ साली चालू झाली. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत परळ, लालबाग, चिंचपोकळी, भायखळा हा सगळा पट्टा धुराड्यांनी भरला. या गिरण्यांचे सूत चीनपर्यंत जाई. विलायती मालाशी टक्कर द्यावयाची तर विलायती मालासारखेच तिकीट पाहिजे, हे मालकांनी लवकर ओळखले. १८८९ साली हिंदुस्थान सरकारने व्यापारी चिन्हांचा कायदा केला. त्यात खोट्या छापाला शिक्षा तर होतीच, पण गिरणीतून निघणाऱ्या ताग्यावर त्याची लांबी किती वार ते छापणेही सक्तीचे झाले. ताग्यावर वारांचा आकडा आणि चित्राचे तिकीट अशा दोन खुणा घेऊन माल घडीखात्यातून बाहेर पडे. तिकिटे डकवावयाचे काम तिथले कामगार करीत. खळ, तिकिटांचा गठ्ठा आणि समोर ताग्यांची रास.

ही तिकिटे बहुतेक शिळाछापाची. बव्हेरियातल्या एका विशिष्ट चुनखडीच्या दगडावर चित्र काढावयाचे, प्रत्येक रंगाला वेगळा दगड घ्यावयाचा आणि एकाच कागदावर आठ-आठ, दहा-दहा वेळा छाप उमटवावयाचा. दगड केसभर सरकला तर देवीची बिंदी कानावर जाते. सुरुवातीची तिकिटे विलायतेहून आणि जर्मनीहून छापून येत. हे तंत्र आपल्याकडे रुजले ते पुण्यात १८७८ साली निघालेल्या चित्रशाळा छापखान्यासारख्या ठिकाणी, आणि त्याचा मोठा गाजावाजा झाला तो राजा रविवर्म्याच्या छापखान्यामुळे. हा छापखाना १८९४ साली आपल्या गिरगावातच सुरू झाला. त्यात भागीदार होते शेठ गोवर्धनदास खटाव माखनजी, म्हणजे गिरणीमालकांच्या घराण्यातले गृहस्थ. आणि यंत्रावर माणसे होती जर्मन. पुढे छापखाना मळवलीला गेला, फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने तो विकत घेतला, आणि देवादिकांच्या तसबिरींबरोबर तेथून व्यापारी लेबले आणि जाहिरातीही निघू लागल्या. १९७२ साली आग लागून तो कारखाना भस्मसात झाला.

रविवर्म्याची लक्ष्मी घराघरात कशी पोचली याचे वर्णन पुष्कळ झाले आहे. त्यात एक गोष्ट सहसा येत नाही. ज्याला तसबीर विकत घेणे परवडत नव्हते तो ताग्यावरचे तिकीट अलगद सोडवून भिंतीला लावी. दहा बाय बाराच्या खोलीत दोन पाळ्यांची माणसे आळीपाळीने झोपत, आणि भिंतीवर मालकाच्या मालाची जाहिरात देव होऊन बसलेली असे. मला यात मालकाची लबाडी दिसत नाही. कामगाराने फुकटचा कागद आपल्या कामाला लावला, एवढेच.

आता थोडे दूर, अमेरिकेला जाऊ. बाजारातल्या कागदी कपट्यांचा संग्रह करण्याचे शास्त्र जेथे सर्वांत पुढे गेले तो देश तोच, आणि तिथली कथा आपल्या कथेशी ताडून पाहण्यासारखी आहे.

तेथे कापडाच्या जागी सिगारेट होती. १८८० नंतर तंबाखूच्या कंपन्यांत जीवघेणी स्पर्धा लागली. सिगारेटचे पाकीट मऊ, चुरगळणारे. ते ताठ राहावे म्हणून आत पुठ्ठ्याचा तुकडा घालीत. त्या कोऱ्या तुकड्यावर चित्र छापले तर गिऱ्हाईक पुन्हा येईल, ही युक्ती कोणाला तरी सुचली. न्यूयॉर्कच्या गुडविन कंपनीने १८८६ पासून 'ओल्ड जज' सिगारेटच्या पाकिटांत बेसबॉल खेळाडूंचे फोटो घातले. बेसबॉल म्हणजे तिकडचा लोकप्रिय चेंडूफळीचा खेळ. फोटो काढणार चित्रशाळेत, तेव्हा चेंडू दोऱ्याने टांगावयाचा आणि खेळाडूने तो झेलल्याचा आव आणावयाचा! काही कार्डांवर तो दोरा चक्क दिसतो. रिचमंडच्या ॲलन आणि गिंटर कंपनीने १८८७ साली रंगीत संच काढला. त्यात दहा बेसबॉलपटू होते. विलायतेत विल्स कंपनीने १८९६ साली क्रिकेटपटूंचा संच काढला, त्यात आपले रणजितसिंहजी आहेत.

त्या दहांतला एक जॉन मॉन्टगोमेरी वॉर्ड. या माणसाने कायद्याची पदवी घेतली होती. खेळाडूंच्या करारात असे कलम असे की, एका क्लबाने एकदा घेतलेला खेळाडू त्या क्लबाच्या मर्जीवाचून दुसरीकडे जाऊ शकत नाही. क्लबाने मात्र त्याला विकावे. वॉर्डने १८८५ साली खेळाडूंची संघटना बांधली, १८८७ साली 'बेसबॉलचा खेळाडू म्हणजे गुरेढोरे आहे काय' अशा अर्थाचा सवाल करणारा लेख लिहिला, आणि १८९० साली मालकांना सोडून खेळाडूंची स्वतःची लीग उभी केली. ती एकच हंगाम टिकली. संघटना बांधणाऱ्या माणसाला या गोष्टीचे नवल वाटणार नाही. भांडवल ज्याच्या हाती, त्याला दुसरा हंगाम काढता येतो. पण पाहा, त्या पुढाऱ्याचा चेहरा नावानिशी सिगारेटच्या पाकिटातून घरोघर गेला. कंपनीला त्याच्या खेळाशी कर्तव्य होते, त्याच्या संघटनेशी नव्हते. तरी नाव राहिले.

त्याच १८९० साली तंबाखूच्या पाच मोठ्या कंपन्या एक झाल्या. स्पर्धा संपली, आणि मग पाकिटात चित्र घालून गिऱ्हाइकाची मनधरणी करण्याचे कारणही उरले नाही. कार्डे आटली. पुढे मक्तेदारी मोडण्याच्या सुमारास, १९०९ पासून, ती पुन्हा आली. त्या वेळच्या संचातले होनस वॅग्नर या खेळाडूचे एक कार्ड २०२१ साली सहासष्ट लाख डॉलरांना विकले गेले. वॅग्नर हा खाणकामगाराचा मुलगा, लहानपणी स्वतः कोळशाच्या खाणीत राबलेला.

या कार्डांचा अभ्यास ज्याने पायावर उभा केला तो मात्र श्रीमंत नव्हता, ही मला सर्वांत आवडलेली गोष्ट. जेफरसन बर्डिक हा सिरॅक्यूज गावात विजेच्या सामानाच्या कारखान्यात सुटे भाग जोडण्याचे काम करी. एकटा जीव, संधिवाताने बोटे आखडलेली. त्याने कार्डे, लेबले, जाहिरातीचे तुकडे असा तीन लाखांहून अधिक कागदांचा साठा केला, त्यांची वर्गवारी बसवली, सूची छापली. आज जगभर कार्डांना जी क्रमाक्षरे लावतात ती त्याचीच. हा सगळा साठा त्याने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिला आणि १९४७ नंतर पुढची वर्षे स्वतः तेथे बसून ते कागद चिकटवह्यांत लावले. जानेवारी १९६३ मध्ये काम पुरे झाले. मार्चमध्ये तो वारला. विकले असते तर त्याचे अखेरचे दिवस सुखात गेले असते. पण त्याला कागद एकत्र राहावयास हवे होते.

मित्रहो, आता पुन्हा परळला येऊ. आपल्या कापडाच्या तिकिटांवर काय नाही, हे बर्डिकच्या कार्डांवरून लक्षात येते. देव आहेत, राजे आहेत, मोटार आहे, विमान आहे. स्वदेशीच्या काळात चरखा आणि पुढे गांधी-नेहरूही आले. ते कापड ज्याने विणले त्याचे चित्र मला आजवर एका तिकिटावर दिसलेले नाही. वाइंडिंग आणि रिळिंग खात्यांत हजारो बाया काम करीत. तिकिटावरची बाई मात्र कमळात उभी. मालाची ओळख जपण्यासाठी लॉर्डांपर्यंत भांडणे झाली. ज्या हातांनी माल केला त्यांची ओळख जपण्यासाठी काय झाले?

झाले, ते कामगारांनीच केले. २३ सप्टेंबर १८८४ रोजी परळच्या सुपारीबागेत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची सभा भरवली. साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारच्या कमिशनपुढे गेला. मागण्या काय होत्या? रविवारची सुट्टी; दुपारी अर्धा तास विसावा; काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच; पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत; अपघात झाला तर भरपाई. शेवटून दुसरी मागणी पुन्हा वाचा. महिन्याचा पगार निदान पुढच्या पंधरवड्यात तरी मिळावा, एवढे मागावयास सभा भरवावी लागली. रविवारची सुट्टी मिळाली ती १० जून १८९० पासून. लोखंडे 'दीनबंधु' पत्र चालवीत. मुंबईच्या कामगाराचा पहिला छापील आवाज तो. त्याचे अंक आज किती दुर्मिळ आहेत हे शोधणाऱ्याला विचारावे. त्याच दशकातली विलायती हत्तींची तिकिटे मात्र चोरबाजारात अजून मिळतात. जाड कागद, चांगली शाई आणि वर देवाचे चित्र, टाकवत नाही. हँडबिल पातळ कागदावरचे, सभेनंतर त्यात भजी बांधावयाची!

कामगारांच्या कागदांचा सर्वांत मोठा संग्राहक कोण, असे मला विचाराल तर मी पोलीस असे उत्तर देईन. १९२८ साली एप्रिल ते ऑक्टोबर असा सार्वत्रिक संप झाला, त्यातून लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन उभी राहिली. २० मार्च १९२९ रोजी सरकारने देशभर धाडी घालून एकतीस जणांना धरले आणि मीरतला खटला भरला. त्यांत डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर, घाटे यांच्याबरोबर अर्जुन आत्माराम आळवे आणि कासले हे प्रत्यक्ष गिरणीत राबलेले पुढारीही होते. संघटनांच्या कचेऱ्यांतून नेलेली हस्तपत्रके, इतिवृत्ते, पत्रे यांना नंबर पडले आणि पुराव्याचे कागद म्हणून ती छापूनही काढली गेली. निकाल १९३३ साली लागला. ज्यांनी ते कागद शिक्षेसाठी गोळा केले, त्यांच्यामुळे आज इतिहासकाराला ते वाचता येतात. आमच्या संघटनांनी आपण होऊन असे दप्तर नीट ठेवल्याची उदाहरणे मोजकी आहेत, हे माझ्याच लोकांबद्दल मला म्हणावे लागते. संपाच्या दिवसांत कागद सांभाळावयास वेळ नसतो, आणि संप मिटल्यावर इच्छा नसते.

दुसऱ्या तिकिटाची गोष्ट आता पुरी करतो. १९३५ साली मालकांच्या संघाने बदली कामगारांसाठी कार्डांची पद्धत आणली. कार्ड असेल त्याने रोज दारावर उभे राहावयाचे, रिकाम्या जागेवर आधी त्याला घ्यावयाचे. त्याच्या आधी सारे जॉबरच्या लहरीवर असे. एका अर्थी हे कार्ड मालकाचा लगाम होता. दुसऱ्या अर्थी कामगाराच्या हाती प्रथमच आलेला एक हक्काचा कागद होता. पुढे प्रॉव्हिडंट फंड आला, विमा योजना आली, आणि एकेका कामगाराच्या ट्रंकेत कागदांची एक छोटी पुरचुंडी जमली.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. त्याचे काय झाले हे या सभागृहात सांगावयास नको. गिरण्या बंद पडत गेल्या, जमिनी विकल्या गेल्या, आणि त्या जमिनींच्या एका हिश्शावर कामगारांसाठी घरे बांधावयाचे ठरले. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर जो गिरणीच्या पटावर होता, तो पात्र. पण पटावर होता हे सिद्ध कशाने करावयाचे? गिरणी नाही, कचेरी नाही, टाइमकीपर वारलेला. तेव्हा यादी निघाली: तिकीट नंबराची प्रत, ओळखपत्र, सर्व्हिस प्रमाणपत्र, लाल पास, हजेरीपत्रक, फंडाचा क्रमांक, विम्याचा क्रमांक, पगाराची चिठ्ठी. पावणेदोन लाखांच्या आसपास अर्ज आले. २०१२ साली पहिली मोठी सोडत निघाली ती ६,९२५ घरांची.

त्या अर्जांच्या दिवसांत मी टेबलाशी बसत असे. लोक पिशव्या घेऊन येत. एका म्हाताऱ्या मावशींनी नवऱ्याची पगाराची चिठ्ठी देव्हाऱ्यात ठेवली होती. हळदीकुंकवाने अर्धा नंबर बुजला होता. "हे चालंल का रं, बाबा?" त्यांनी विचारले. उजेडापुढे धरून आम्ही आकडे लावले, ते फंडाच्या स्लिपेशी जुळले. दुसऱ्या एकाने गावी कोकणात घर शाकारताना सगळी पुरचुंडी चुलीत गेल्याचे सांगितले. तीस वर्षे साचाखात्यात काढलेली, आणि हातात एक चिठोरी नाही. आणि तिसरी गोष्ट गिरणीकडची. एक गिरणी मोकळी करताना मी स्वतः पाहिले: गुदामात न वापरलेल्या तिकिटांचे गठ्ठे होते, ते घेणाऱ्याने नगावर घेतले. मस्टरच्या वह्या बाजूला होत्या. त्या रद्दीवाल्याने किलोवर घेतल्या. एकेका वहीत शेकडो नावे, खाते, पाळी, हजेरी. त्यांतले कितीजण पुढे पुरावा शोधत फिरले असतील!

संग्राहकांवर माझा राग नाही. त्यांनी उचलले नसते तर तिकिटेही गेली असती. काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या जागेवर महापालिकेने वस्त्रोद्योगाच्या संग्रहालयाचे काम हाती घेतले आहे. तिथल्या काचेत लक्ष्मीचे तिकीट जरूर असावे. माझे म्हणणे इतकेच की, त्याच काचेत, त्याच उजेडात, शेजारी एक बदली कार्ड असावे, आणि त्याखाली माणसाचे नाव असावे.

ते कागद अजून आहेत. नायगावच्या, लालबागच्या, काळाचौकीच्या खोल्यांतून, आणि साताऱ्या-रत्नागिरीच्या माळ्यांवर आहेत. चाळींच्या जागी बुरूज उभे राहत आहेत, सामान हलते आहे, आणि हलताना पहिली जाते ती ट्रंक. तेव्हा जाण्यापूर्वी चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. कागद प्लॅस्टिकमध्ये तापवून बंद करू नका. एकदा केला की सोडवता येत नाही. चिकटपट्टी लावू नका, ती पिवळी पडून अक्षरासकट निघते. टाचणी काढा, गंज कागदाला खातो. ओलीच्या भिंतीपासून दूर, साध्या कागदाच्या पाकिटात सपाट ठेवा. एक प्रत काढून ती दुसऱ्या घरी ठेवा. आणि पाठीमागे, पेन्सिलीने, शाईने नव्हे, लिहा: कोणाचे, कोणती गिरणी, कोणते खाते, कोणते साल. घरात अजून कोणी सांगणारे असेल तर आजच विचारून लिहा.